विहिरीचा चढलेला आवाज

लोटन भोंगेवाल्याबद्दल करंजखेड्यात आजही कोणी बरं बोलत नाही. गावात लग्न असलं की भोंगा पाचोऱ्याहून भाड्याने आणतात, येण्याजाण्याचा खर्च सोसतात, पण चार घरं पलीकडच्या लोटनला सुपारी देत नाहीत. गाव त्याला पाण्यात पाहतं. आणि ज्या पाण्यावरून हे सगळं झालं ते पाणी कधीच संपलं, विहीर बुजली, नळ आले. राग मात्र आटला नाही.

लोटनही काही गरीब गाय नव्हता. नाकावर राग आणि जिभेला हाड नाही, असा माणूस. पोस्टाने धडे मागवून तो रेडिओचं काम शिकला, मग जळगावला एका दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं बसला. तिथे मालकाशी भांडला आणि एक दिवस दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, एक सोल्डरची पेटी एवढं घेऊन गावी परत आला. एखाद्याने बिघडलेला रेडिओ आणला, की आधी तो पाच मिनिटं त्या माणसाची अक्कल काढायचा. मग रेडिओ असा दुरुस्त करून द्यायचा की पुन्हा दहा वर्षं आणायला नको. लोक रेडिओसाठी यायचे आणि शिव्या फुकट घेऊन जायचे.

घरात तो आणि त्याची आई भिकुबाई. बायको ताईबाई लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी गेली ती गेलीच. "भोंगा तरी बंद करता येस," असं ती जाताना म्हणाली होती.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. त्याआधीचा पावसाळा नुसता तोंड दाखवून गेला होता. मारुतीच्या देवळामागची गावविहीर फेब्रुवारीतच तळाला टेकली. झरा जिवंत होता, पण बारीक. पाच फूट पाणी साठायचं, बायका उपसायच्या, पुन्हा साठायची वाट. भिकुबाई साठीच्या पुढची, गुडघ्यांनी जेरीला आलेली. ती दिवसातून चार-पाच वेळा नुसती बघायला जायची, पाणी आलं का. हंडा घेऊन जायची आणि रिकामा घेऊन यायची. घरी आली की दारातच बसून गुडघे चोळायची. लोटनला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही असं सांगायची त्याची रीत म्हणजे आईवरच ओरडणं.

"काय येड्यासारख्या चकरा मारी राहिनी तू? पाणी तुले बलावाले येवाव शे का?"

असं म्हणाला आणि त्याच शब्दांत अडकला. पाणी बोलवायला आलं तर?

पंधरा दिवस तो त्यामागे लागला. वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, तळाशी थोडी खडी घालून त्याचं तोंड डागून बंद केलं. विहिरीच्या भिंतीला लागून एक रुंद पाइप उभा केला, म्हणजे पोहऱ्यांचे धक्के लागायला नकोत, आणि डबा त्या पाइपात तरंगत सोडला. डब्याची दोरी काठावर बसवलेल्या सायकलच्या चाकावरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला हलकं वजन लावलं. पाणी वरखाली झालं की चाक फिरायचं. चाकाच्या आसाला त्याने रेडिओच्या आवाजाचं बटण असतं तसलं बटण जोडलं, आणि त्याच्या तारा पाचशे पंचावन्न नंबरच्या एका आयसीला. ती आयसी, मुंगळ्याएवढी वस्तू, तिने तारेतून गुणगुणायला सुरुवात केली. तो सूर अॅम्प्लिफायरमध्ये, तिथून लिंबाच्या झाडावरच्या भोंग्यात. वीज असो नसो, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर ते चालायचं. चाक आणि तारा पावसापाण्यापासून, खरं तर माणसांपासून, वाचाव्यात म्हणून वर पत्र्याचं खोकं घातलं.

विहीर बोलायला लागली. मोठ्याने नाही, दुपारी माजघरात ऐकू यावं एवढंच. भुंगा खोलीत शिरल्यासारखं घूं करत राहायची. गावाने दोन दिवस नावं ठेवली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. "लोटननी दुसरी बायको" असं तिचं नावही पडलं. ही मात्र माहेरी जात नाही, असं कोणीतरी म्हणालं, आणि लोटनने त्याचा रेडिओ महिनाभर दुरुस्त केला नाही.

घोटाळा झाला तो एका साध्या शब्दावरून, आणि तो लोटनला सुचला नाही. जळगावात त्याने गिरणीचा भोंगा ऐकला होता, आगीच्या बंबाची घंटा ऐकली होती. संकट आलं की ओरडायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं. म्हणून त्याने जोडणी अशी केली, की पाणी जसं कमी होईल तसा आवाज बारीक आणि वर वर चढत जावा, शेवटी किंचाळावा. गावाला हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. कान असलेल्या माणसाला काय सांगायचं?

बायकांनी ऐकलं, आवाज चढतोय. आणि चढतं काय? नदी चढते, विहीर चढते, दूध चढतं. "माय वं, आवाज चढना!" शेवंताबाई म्हणायची. "पाणी चढनं व्हई!" आणि हंडा उचलायची. विहिरीवर जाऊन बघते तर गाळ. पण एक-दोनदा असं झालं की त्या पोचेपर्यंत झरा खरोखर साठायला लागलेला होता, आणि तेवढ्यावर समज पक्की झाली.

एप्रिलात धनसिंग आबांच्या पुतणीचं लग्न निघालं. धनसिंग म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. गावविहिरीपासून शंभर पावलांवर त्यांचा मळा. तिथे त्यांनी दोन वर्षांपूर्वी बोअर मारली होती आणि त्या कोरड्या वर्षातही केळीचे चार बिघे हिरवेगार उभे होते. निम्मं गाव त्या केळीत मजुरीला. लग्नाचं पाणी धाकटा भाऊ शालिग्राम बघत होता. ठरलं होतं बोअरवरून पिंपं भरायची, पण आदल्या दिवसापासून वीज गेली ती आलीच नाही. सकाळपासून स्वयंपाकाला विहीर उपसली जात होती, आणि लिंबावरचा आवाज चढतच होता. शालिग्रामने कान देऊन ऐकलं आणि निश्चिंत झाला. म्हणाला, "विहीर भरेल शे. कसाले धावपळ?"

पंगत बसली. भात वाढला, वरण वाढलं. पोहरा विहिरीत गेला आणि वर आला तो चिखल घेऊन. दोनशे माणसांच्या पानांपुढे पाण्याचा थेंब नाही. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने ठसका लागल्यावर वरणच प्यायलं. शेजारच्या गावाहून बैलगाडीने टाकी येईपर्यंत दीड तास गेला, आणि त्या दीड तासात वऱ्हाडाने जे टोमणे मारले ते धनसिंगच्या घराण्याने त्यापूर्वी ऐकले नव्हते. "मुलगी बरी आहे, पण आंघोळ आमच्याकडेच येऊन करू दे."

लोटन मांडवातच होता, दुसरा भोंगा आणि माईक त्याचेच, तार विहिरीवरच्याच अॅम्प्लिफायरमधून ओढलेली. शालिग्राम थेट त्याच्याकडे आला आणि भर मांडवात त्याच्या कानाखाली वाजवली. "तुनं यंत्र खोटं शे!"

दुसरा कोणी असता तर गाल चोळत घरी गेला असता. लोटनने माईक तोंडाला लावला.

"आयका हो गावकरी!" दोन्ही भोंग्यांतून, वऱ्हाडासकट सगळ्यांना. "आवाज चढना म्हणजे पाणी उतरनं! इतलं बी समजत नही का तुम्हले? कान शेत का कढईन्या कड्या?"

ते गावाला लागलं. पाणी नव्हतं हे एक वेळ विसरता आलं असतं. परगावच्या माणसांसमोर, आपल्याच मांडवात, भोंग्यावरून मूर्ख म्हटलेलं कोण विसरतं?

संध्याकाळी त्याच्या दारात फक्त भागाबाई आली. विहिरीजवळच राहणारी, एकटी, फटकळपणात लोटनच्या वरताण. "उतरनं तं उतरेल आवाजमा सांगानं," ती म्हणाली. "चढेल आवाजमा कसाले सांगस? मानूस उपाशी ऱ्हायना, आजारी पडना, तं त्याना आवाज चढस का खोल जास?"

आयुष्यात पहिल्यांदा लोटनला कोणाला मूर्ख म्हणता आलं नाही. खोल पाणी, खोल आवाज. सहा वर्षं जळगावात बसून जे कळलं नाही ते ही बाई पदराने तोंड पुसत सांगून गेली. दुसऱ्या सकाळी त्याने बटणाच्या बाहेरच्या दोन तारा काढल्या आणि उलटसुलट करून पुन्हा डागल्या. तेवढंच काम होतं.

आता विहीर सगळ्यांना कळायला लागली, आणि खरं वैर तिथून सुरू झालं.

पाणी साठलं की आवाज गोड, वर. उपसलं की खाली. इथपर्यंत ठीक. पण मे लागला तसं बायकांच्या ध्यानात आलं, की विहिरीवर एकही बाई नसताना आवाज खोल जातो. आणि तो कधी जातो? वीज आली की. वीज आली, धनसिंगच्या बोअरची मोटर सुरू झाली, की अर्ध्या तासात लिंबावरचा सूर घसरायला लागायचा, तापाने फणफणलेल्या माणसासारखा. वीज गेली की हळूहळू वर यायचा. रोज. सगळ्या गावाला, पोळ्या भाजताना, गुरं बांधताना, ऐकू जाईल असा. बोअर विहिरीचा झरा ओढते हे आधीही सगळे मनात म्हणत असत. मनात म्हणणं वेगळं. आता भोंगा म्हणत होता.

मग गावाने धनसिंगला जाब विचारला असेल, असं कोणाला वाटेल. छे. निम्म्या गावाची रोजी त्याच्या केळीत, आणि उरलेल्यांपैकी ज्याच्याकडे थोडी ऐपत होती तो स्वतः बोअर मारायच्या बेतात. ज्याला त्याला ते ऐकणं नकोसं झालं. आणि जे ऐकणं नको असतं त्याचा राग नेहमी सांगणाऱ्यावर निघतो.

धनसिंग हुशार माणूस. त्याने भाऊबंद पारावर जमवले, लोटनला बोलावलं आणि आवाज न चढवता बोलला. "लोटन, हाई बंद कर भाऊ. असा गावमा पोरी कोण देई? या गावनी इहीर रडस म्हणतीन लोके."

"रडत नही आबा, बोलस," लोटन म्हणाला. "तुम्हनी मोटर चालू व्हयनी का खोल जास. बंद व्हयनी का वर येस. नही पटत तं एक तास मोटर बंद ठेवा, बठ्ठा गावले आयकू द्या."

"तुना खेळना करता मी केळी वाळाडू?"

माणसं हसली. आणि हसू संपायच्या आत पिठाची गिरणी धापा टाकून थांबली. वीज गेली होती. पारावर तीस-चाळीस माणसं खाली मान घालून बसली, आणि लिंबावरचा तो रेंगाळलेला सूर हळूहळू, दमलेल्या बाईने जिना चढावा तसा, वर यायला लागला. एक तास कोणी उठलं नाही, उठलं असतं तर ऐकल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं. शेवटी धनसिंग उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "उन भलतं व्हयनं," आणि गेला. त्याच्यामागे सगळे गेले. लोटनला वाटलं आपण जिंकलो.

जिंकण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला, पण त्याला नाही, भिकुबाईला. ती विहिरीवर गेली तेव्हा तिचा हंडा रांगेतून काढून मागे ठेवलेला होता. तिने पुढे ठेवला, कोणीतरी पायाने सरकवला. जिच्याबरोबर तिने चाळीस वर्षं धुणं धुतलं ती शेवंताबाई दुसरीकडे बघत म्हणाली, "तुन्हा घरनी इहीर शे ना ती. तिलेच बोल, ती तुले पाणी आनी दी." शेवंताबाईचा नवरा आणि दोन्ही मुलं धनसिंगच्या केळीत होती. त्या दिवशी आणि पुढचे सहा दिवस भिकुबाईला तळाचा गाळ मिळाला. तो फडक्याने गाळून ती पीत राहिली. लोटनला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तो काय करेल हे तिला ठाऊक होतं. माईक घेऊन झाडावर चढला असता.

भोंग्याची कामं तर बंदच झाली होती. पोट भरायला लोटन दोन दिवसांसाठी जळगावला गेला, जुन्या दुकानात, ज्या मालकाशी भांडला होता त्याच्याच दारात. मालकाने काम दिलं आणि दोन दिवस टोमणेही दिले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाचोऱ्याच्या एसटीने फाट्यावर उतरला आणि जागीच थबकला.

लिंबावरून आवाज येत होता. वरचा, गोड, भरल्या विहिरीचा. आणि वीज होती, फाट्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंखा फिरत होता, तरीही. म्हणजे धनसिंगने मोटर बंद केली! त्या रागीट माणसाचे डोळे भरून आले, हे तो स्वतः कधी कबूल करणार नाही. तो जवळजवळ धावतच गावात शिरला.

विहिरीवर गर्दी होती. बायका, पुरुष, शालिग्राम, मागे धनसिंगसुद्धा. लोटन दिसताच सगळे एकदम सुटले.

"उना दखा खोटारडा!"

"दोन दिन व्हयनात, भोंगा गानं म्हणी राहिना, आन् इहिरमा चिखल बी नही!"

"याना भरोसावर आम्ही हंडा घी घी येतस!"

लोटनने विहिरीत वाकून पाहिलं. तळाचे दगड उघडे पडले होते, सुकून पांढरे झाले होते. वर लिंबावर सूर तसाच, लग्नघरच्या सनईसारखा. त्याने पत्र्याच्या खोक्याचं झाकण उचललं.

चाक आऱ्यांतून दोरी ओवून बांधलेलं होतं. पाणी भरलेलं असताना असतं तिथेच, घट्ट. वासराच्या दाव्याला मारतात ती गाठ, पण उलट्या हाताची. घरात वासरू होतं तेव्हापासून लोटनने ती गाठ बघितली होती. उलट्या हाताने गाठ मारणारं गावात एकच माणूस होतं, त्याची आई. गाव गोड ऐकेल, राग सोडेल, आपल्या हंड्याला रांगेत जागा मिळेल आणि लेकाला जगू देतील, एवढाच तिचा हिशेब. तिने त्या खोक्याशी दुपारच्या भाकरी आणून देताना सगळं बघितलं होतं.

"बोल की आते!" शालिग्राम म्हणाला. "मांडवमा भलता बोलत व्हता!"

लोटनने झाकण हळूच खाली टाकलं. बोलायला किती होतं त्याच्याकडे! सगळ्या गावाच्या तोंडावर फेकता येईल एवढं. त्याने गर्दीत पाहिलं. भिकुबाई सगळ्यांच्या मागे, रिकामा हंडा पोटाशी धरून उभी होती.

"हा," लोटन म्हणाला. "मन्हं यंत्र खोटं शे. मन्हीच चूक."

गर्दीला हे अपेक्षित नव्हतं. धनसिंग समाधानाने हसला. "मंग काढ ते. आन् बठ्ठासनी माफी माग."

लोटन हात जोडायला लागला. खरोखर लागला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, गुडघे ओढत भिकुबाई पुढे आली.

"हात नको जोडू," ती लेकाला म्हणाली, आणि वळली. "गाठ मी मारेल शे. खोटी मी शे, यंत्र नही. तुम्हले खरं आयकाले नको व्हतं ना? मी तुम्हले गोड आयकाडं. दोन दिन बठ्ठा गावले बरं वाटनं. पन पाणी नही उनं."

तिने झाकण उघडलं. दोरीला हात घातला. "आते आयका."

गाठ सुटली. चाक गरकन फिरलं, खडी भरलेला डबा पाइपातून खाली सुटला, आणि लिंबावरचा तो गोड सूर एका दमात वरून खाली, खाली, जमिनीखाली जावा तसा कोसळला. दोन दिवसांत जे पाणी गेलं ते सगळं एका श्वासात ऐकू आलं. डबा दगडांवर टण्णकन आपटला. भोंगा एकदा घोगरा खाकरला आणि बंद पडला.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच लिंब गप्प होता. आणि त्या शांततेत शंभर पावलांवरून दुसरा आवाज आला. तो रोजच येत असणार, पण भोंग्याच्या घुमण्यात कोणी ऐकला नव्हता. धनसिंगच्या बोअरचं पाणी हौदात पडत होतं, धो धो.

सगळ्यांनी ऐकलं. धनसिंगनेही.

भिकुबाईने हंडा डोक्यावर ठेवला आणि त्या आवाजाच्या दिशेने चालायला लागली. मळ्याचं फाटक कोणाला विचारून उघडायचं, असला काही विचार तिच्या चालीत नव्हता. आधी भागाबाई निघाली. मग आणखी दोघी. शेवंताबाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं, आणि तीही निघाली. एकही पुरुष हलला नाही.

लोटन तेवढा हलला. वाटेत कोणाचा तरी हंडा पडला होता, तो उचलून तोंडातून एक अक्षर न काढता आईच्या मागे गेला. गावाने त्याला त्या दिवसाबद्दल कधीच माफ केलं नाही.